लाकूड मूळचं कुठलं?

मंडळी, भोपाळमध्ये दोन मराठी माणसं पहिल्यांदा भेटली, की तिसऱ्या वाक्याला एक प्रश्न येतोच, "तुम्ही मूळचे कुठले?" परवा हाच प्रश्न मी चक्क एका पलंगाबद्दल विचारला!

झालं असं, की माझ्या भाचीने कोलार रोडला नवा फ्लॅट घेतला. फर्निचर बघायला आम्ही दोघी निघालो. मी एका सागवानी पलंगापाशी रेंगाळले, तर ती म्हणाली, "नको गं मावशी. एका पलंगासाठी झाड तोडायचं? त्यापेक्षा लोखंडी घेऊ."

तिच्या पणजोबांचा सागवानी झोपाळा आमच्याकडे अजून कुरकुरतो आहे, त्यावरच ती लहानाची मोठी झाली. तरी तिचं म्हणणं मला उडवून लावता येईना. घरी येऊन थोडं वाचलं, तेच आज तुमच्यापुढे मांडते.

झाड वाढताना हवेतला कार्बन ओढून घेतं. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा वाटा कार्बनचाच असतो. झोपाळा टिकतो तोवर तो कार्बनही झोपाळ्यातच राहतो. लोखंड बनवायला मात्र भट्ट्या पेटवाव्या लागतात. तेव्हा लाकूड वापरलं म्हणजे पाप केलं, असं नाही. बघायचं ते हे, की तोडलेल्या झाडाच्या जागी पुन्हा जंगल उभं राहतं का आणि जंगलालगतच्या माणसाच्या हाती काय पडतं.

देशात सर्वांत जास्त वनक्षेत्र आपल्या मध्य प्रदेशात आहे. इथल्या सरकारी जंगलात वाटेल तिथे कुऱ्हाड चालवता येत नाही. मंजूर झालेल्या कार्य आयोजनेनुसारच तोड व्हावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. साधारण दहा वर्षांच्या या आराखड्यात जंगलाचे 'कूप' म्हणजे तुकडे पाडतात. पाळीपाळीने एकेका कुपात तोड होते, बाकीचं जंगल वाढत राहतं. साग नीट कापला तर त्याच बुंध्याला पुन्हा धुमारे फुटतात. ओंडक्यांवर नंबर पडतात, ते डेपोत जातात आणि तिथे लिलाव होतो. लाकडाच्या नफ्यातला २० टक्के वाटा वनसमित्यांना देण्याची घोषणा २०२२ मध्ये आपल्या भोपाळातच झाली.

हा वाटा का महत्त्वाचा, ते गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाकडे बघून कळतं. वनहक्क कायद्याखाली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. असा अधिकार मिळवणारं ते देशातलं पहिलं गाव. बांबूच्या पैशातून घर चालतं, म्हणून जंगल राखावंसं वाटतं. ज्याला जंगलातून काहीच मिळत नाही, त्याने ते कशासाठी राखायचं?

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये २०३० सालासाठी १७ शाश्वत विकास ध्येयं ठरवली. त्यातलं पंधरावं ध्येय जंगलांचं. पण गरिबी हटवणं, चांगला रोजगार, जबाबदार खरेदी आणि हवामान यांचीही ध्येयं त्या यादीत आहेत. एकाच ओंडक्यात ही पाचही ध्येयं साधतात किंवा पाचही बुडतात. सगळं त्या लाकडाच्या मूळ गावावर अवलंबून!

आणि ते गाव फार लांबचंही असू शकतं. सागवान आयात करण्यात भारत जगात आघाडीवर आहे. आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतून ओंडके आपल्याकडे येतात. आमच्या दुकानदाराला विचारलं, तर तो छाती फुगवून म्हणाला, "मॅडम, असली बर्मा टीक है!" आता म्यानमारने ओंडक्यांची निर्यात २०१४ मध्येच बंद केली. मग हे लाकूड आलं कुठून? पावती दाखवा म्हटलं, तर तो पंख्याकडे बघू लागला.

म्हणूनच प्रमाणपत्राला महत्त्व आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने 'भारतीय वन व काष्ठ प्रमाणन योजना' जाहीर केली. जंगल नीट राखलं जातं का आणि तिथून निघालेलं लाकूड तेच का, हे त्यात तपासायचं आहे. ती चालवण्याचं काम नेहरू नगरच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेकडे आहे. टेकडीवरची ही संस्था आपण येता-जाता बघतो. तिची देखणी वास्तू अनंत राजे या मराठी वास्तुविशारदाची, हे कितीजणांना ठाऊक आहे?

अर्थात शिक्का म्हणजे जादूची कांडी नव्हे. मिश्र जंगल काढून तिथे नुसता साग लावला, तर कागदावर झाडं दिसतील, पण मोह, तेंदू आणि चारोळीवर जगणाऱ्यांचं काय? हा प्रश्नही विचारत राहायला हवा.

भाचीचा पलंग अजून यायचा आहे. दुसऱ्या एका दुकानदाराने डेपोतल्या लिलावाची पावती दाखवायचं कबूल केलंय, रविवारी आम्ही जाणार आहोत. पणजोबांचा झोपाळाही पॉलिश करून ती नव्या घरी नेणार आहे. नवं लाकूड घेण्याआधी जुनं जपणं हे तर सगळ्यात सोपं!

तरुण मंडळी, तुमच्यातले बरेचजण आता घरं सजवताहेत. दुकानात गेलात की भाव करण्याआधी एवढं जरूर विचारा, "हे लाकूड मूळचं कुठलं?"