विश्लेषण : किनाऱ्यावरच्या ‘चौपाटी कुटी’ कोणाच्या, जबाबदारी कोणाची?

शुक्रवारी संध्याकाळी ताथवडे, पुनावळे, हिंजवडी भागातून निघणाऱ्या अनेक मोटारी पौडमार्गे ताम्हिणी घाट उतरतात आणि दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर गाठतात. तिथे पर्यटकांची मागणी साधी असते : सावली, बसायला खुर्ची, गरम जेवण आणि वापरण्याजोगे स्वच्छतागृह. ही सोय कोणी पुरवायची, तिला परवाना कोणी द्यायचा आणि रविवारी रात्री उरलेला कचरा कोणी उचलायचा, या तीन प्रश्नांची उत्तरे आज तीन वेगळ्या दारांत मिळतात. खरी अडचण तिथेच आहे.

चौपाटी कुटी धोरण काय आहे?

राज्य सरकारने २०२० च्या पावसाळ्यात ‘बीच शॅक’ म्हणजे चौपाटी कुटी धोरणाला मंजुरी दिली. पहिल्या टप्प्यासाठी आठ किनारे निवडले गेले : पालघरमधील केळवे व बोर्डी, रायगडमधील वरसोली व दिवेआगर, रत्नागिरीतील गुहागर व आरे-वारे, सिंधुदुर्गातील कुणकेश्वर व तारकर्ली. एका किनाऱ्यावर जास्तीत जास्त दहा कुटी, तीन वर्षांचा परवाना, सकाळी सात ते संध्याकाळी सात ही वेळ आणि स्थानिकांसाठी ८० टक्के हिस्सा, अशी त्याची चौकट होती.

वेळही महत्त्वाची होती. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगर परिसरातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या होत्या. सुपारीचे नवे रोप उत्पन्न देऊ लागायला पाच-सात वर्षे जातात. तोवर घर चालवायचे तर पर्यटक हाच आधार. त्यामुळे कुटीचा परवाना कोणाच्या नावावर निघतो, हा अशा गावांत चुलीशी जोडलेला प्रश्न आहे.

वाळूवर पक्के बांधकाम का चालत नाही?

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार भरतीरेषेखालील जमीन राज्य सरकारची असते. त्यावर केंद्राच्या किनारपट्टी नियमन क्षेत्राचे, म्हणजे ‘सीआरझेड’चे, नियम लागू होतात. २०१९ च्या अधिसूचनेने किनाऱ्यावर शॅक, स्वच्छतागृह, कपडे बदलण्याची खोली, पिण्याचे पाणी अशा तात्पुरत्या सोयींना मुभा दिली, मात्र भरतीरेषेपासून किमान दहा मीटर अंतर सोडून आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील भाग वगळून.

संध्याकाळी सातची मर्यादा काही जणांना जाचक वाटते. परंतु ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या रात्रीच्या अंधारात वाळूवर येऊन अंडी घालतात, आणि पिल्ले उजेडाच्या दिशेने धावतात. समुद्राऐवजी झगमगत्या दिव्यांकडे गेलेले पिल्लू सहसा वाचत नाही.

गोव्याचा अनुभव काय सांगतो?

गोव्यात शॅक ही जुनी व्यवस्था आहे. पर्यटन खाते ठरावीक मुदतीचे धोरण जाहीर करते, स्थानिकांना शॅकचे वाटप होते, आणि हंगाम संपला की पावसाळ्याआधी सांगाडा उतरवावा लागतो. शॅक पोटभाड्याने देण्यास तिथे बंदी आहे, तरी नाव एकाचे आणि गल्ला दुसऱ्याचा, ही तक्रार वर्षानुवर्षे थांबलेली नाही. आरक्षणाचा आकडा कागदावर कितीही मोठा असला, तरी गल्ल्यावर कोण बसते हे तपासले नाही तर त्याला अर्थ उरत नाही. महाराष्ट्राने हा धडा घ्यायला हवा.

ग्रामपंचायतीच्या वाट्याला काय येते?

धोरण पर्यटन विभागाचे, जमीन सरकारची, ‘सीआरझेड’ केंद्राचे. पण पाणी, गटार, कचरा आणि सोमवारी सकाळची झाडलोट ग्रामपंचायतीची. वित्त आयोगाच्या निधीवाटपात लोकसंख्येला मोठे वजन असते आणि त्यात शनिवार-रविवारचे पाहुणे मोजले जात नाहीत. म्हणून काही गावे वेशीवर वाहनांकडून स्वच्छता शुल्क घेतात, आणि पावती फाडताना वाद होतात.

इंग्लंडमध्ये ‘बीच हट’ ही खानावळ नसते. कपडे बदलायला, सामान ठेवायला, चहा करायला असलेली ती लहान लाकडी खोली. बोर्नमथ इथे नगरपालिकेने १९०९ मध्ये अशी पहिली हट उभारली. आजही तिथली स्थानिक परिषद हट भाड्याने देते, आणि किनाऱ्याची निगा राखण्याचे कामही तिच्याकडेच आहे. ज्या हातात भाडे येते त्याच हातात झाडू आहे. भाडे कोणाचे आणि काम कोणाचे, हा हिशेब नागरिकाला एकाच ठिकाणी विचारता येतो.

आपल्याकडे काय करता येईल?

पहिले, कुटीच्या परवाना शुल्कातील मोठा हिस्सा त्याच ग्रामपंचायतीच्या खात्यात जावा आणि तो स्वच्छतागृहे, कचरा व जीवरक्षक यांवरच खर्च व्हावा. दुसरे, परवानाधारकाचे नाव, मुदत आणि कुटीचा क्रमांक दर्शनी फलकावर असावा. तिसरे, जागा ठरवताना गावातील विक्रेत्यांना बसायला खुर्ची मिळावी. शहरांसाठीच्या २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात याचा नमुना आहे : फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून आणि त्यांत एक तृतीयांश महिला. किनाऱ्यावर उकडीचे मोदक, सोलकढी, मासळीचे जेवण विकणाऱ्या महिलांना अशा समितीत स्थान का नसावे?

ताथवडेकरांचा यात संबंध काय?

ताथवडे २००९ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. त्याआधी इथेही ग्रामपंचायतच होती. माणसे आधी येतात, पाणी आणि कचऱ्याची सोय नंतर येते, हा क्रम इथल्या सोसायट्यांना टँकरच्या बिलांवरून चांगला ठाऊक आहे. दिवेआगरला तोच ताण दर आठवड्याला दोन दिवस येतो, आणि तो आणणाऱ्यांत आपण असतो. त्यामुळे पुढच्या वेळी गावाच्या वेशीवर स्वच्छता शुल्काची पावती पुढे आली, तर हुज्जत घालू नये. पैसे द्यावेत, पावती घ्यावी, आणि त्या पैशातून किनाऱ्यावरचे स्वच्छतागृह चालू आहे का, हे मात्र जरूर विचारावे.