रद्दीतील स्वाक्षरी

दिवाळी आली की मराठी घराला फराळाइतकीच दिवाळी अंकांची ओढ लागते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, शतक उलटले तरी ती परंपरा टिकून आहे.

मात्र अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत उपनगरांत आज वेगळेच चित्र दिसते. जुन्या इमारती पुनर्विकासासाठी रिकाम्या होतात आणि आजोबांनी पैपै जमवून घेतलेले ग्रंथ किलोच्या भावाने रद्दीत जातात. पुस्तकवेड्याला तेथेच घबाड सापडते. पहिल्या पानावर, कोणीतरी रांगेत उभे राहून मिळवलेली लेखकाची स्वाक्षरी. किंमत अवघे २० रुपये! त्याचा आनंद खरा, पण तो एका कुटुंबाच्या विस्मृतीतून आलेला असतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीच्या अभिजात दर्जाला मान्यता दिली. दर्जा शासन देऊ शकते. वाचक घरातच घडवावा लागतो. म्हणून घर सोडताना पुस्तके आधी मुला-नातवंडांसमोर मांडावीत, उरलेली ग्रंथालयाला विचारून द्यावीत. सवलतीची पुस्तके जरूर घ्यावीत, पण दिवाळीत एक तरी अंक पूर्ण किमतीला विकत घेऊन घरात मोठ्याने वाचावा. ज्या घरात पुस्तक वाचले जाते, त्या घरातील स्वाक्षरी रद्दीत जात नाही.