सोळा ठिपके, सोळा ओळी

वसुबारसेच्या संध्याकाळी आमच्या दारात एका परदेशी पाहुण्याने ठाण मांडले. पाहुणा बुटका, नाक भले मोठे, नाकाखाली भरघोस मिशा, डोक्यावर लाल टोपी आणि अंगात कारखान्यातल्या माणसासारखी डांगरी. आमच्या नातीने त्याला रांगोळीत उतरवायला घेतले होते. रांगोळीच्या पुस्तकात सांगतात तसे तिने मोजून सोळा ठिपके, सोळा ओळी घातल्या होत्या. पण ठिपके जोडून कमळ किंवा कासव काढायचे सोडून एकेक ठिपका म्हणजे एकेक चौकोन मानून ती तो रंगाने भरीत होती.

"अगं, लक्ष्मी यायच्या दिवसांत हा मिशाळ्या कशाला दारात?" सौ. म्हणाल्या.

"आजी, हा मारिओ आहे," नातीने मान वर न करताच सांगितले.

मारिओशी माझी ओळख जुनी आहे आणि ती फारशी गोड नाही. चिरंजीव दहावीला होते त्या वर्षी, म्हणजे १९९४ साली, त्यांच्या मामाने लॅमिंग्टन रोडवरून टीव्हीला जोडायचा एक डबा आणून दिला होता. तो अस्सल जपानी मालाची नक्कल होता हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. त्या काळी आपल्याकडे घरोघरी अशा नकलाच होत्या. दिवाळीपर्यंत मी धीर धरला आणि सहामाहीचे गुण पाहिल्यावर डबा उचलून माळ्यावर ठेवला. "चित्रातला माणूस नाचवून पोट भरणार आहे का?" असे काहीसे बोललोही होतो. चिरंजीव पुढे इंजिनिअर झाले. आता त्यांची मुलगी दहावीला आहे, तिला चित्रकलेच्या कॉलेजात जायचे आहे, आणि चिरंजीव तिला विचारतात, "चित्रे काढून पोट भरते का?" वाक्य ओळखीचे वाटले. घरात आठ दिवस बापलेकीचा अबोला चालू आहे. मध्यस्थी करायची तर मिशाळ्याची सगळी हकीकत माहीत हवी, म्हणून मी ती मिळवून वाचली. ती इतकी नामी निघाली की यंदाच्या दिवाळीला वाचकांपुढे दुसरे काही ठेवावेसे वाटेना.

या पाहुण्याच्या जन्मदात्याचे नाव शिगेरू मियामोतो. जन्म १६ नोव्हेंबर १९५२, गाव सोनोबे. क्योतो शहराच्या वायव्येला डोंगरांमध्ये वसलेले हे लहानसे गाव. लहानपणी घरी टीव्ही नव्हता. मुलगा चित्रे काढी, बाहुल्या करून त्यांचे खेळ करी आणि उरलेला वेळ रानात भटके. एकदा त्याला डोंगरात एक भोक सापडले. दुसऱ्या खेपेला तो कंदील घेऊन गेला, तेव्हा ती एक गुहा निघाली आणि आत आणखी एक वाट दिसली. आपल्याकडच्या मुलाने हे घरी सांगितले असते तर आधी पाठीत धपाटा बसला असता. या मुलाने ते मनात ठेवले आणि १९८६ साली 'द लेजंड ऑफ झेल्डा' या खेळात जगातल्या लाखो मुलांना त्याच गुहेत पाठवले. पण ते पुढचे.

कानाझावाच्या कला महाविद्यालयात मियामोतोंनी औद्योगिक वस्तूंच्या आरेखनाचे शिक्षण घेतले. अभ्यासात फार चमकले असे नव्हे. शिक्षण संपले आणि नोकरीचा प्रश्न आला. इथे मला त्यांच्या वडिलांचे कौतुक वाटते. मुलाला चित्रांचे वेड आहे हे ओळखून त्यांनी आपल्या एका स्नेह्याच्या ओळखीने निंतेंदो कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांची भेट ठरवून दिली. ही कंपनी १८८९ साली क्योतोत स्थापन झालेली, मूळ धंदा फुलापानांच्या चित्रांचे खेळायचे पत्ते छापण्याचा. आम्हाला चित्रकार नकोत, इंजिनिअर हवेत, असे अध्यक्षांनी आधी ऐकवले म्हणतात. मग उमेदवाराने लहान मुलांच्या कपड्यांसाठी आपण केलेले प्राण्यांच्या आकाराचे लाकडी हँगर पुढे ठेवले. अध्यक्षांनी ते पाहिले आणि १९७७ साली मियामोतो कामाला लागले. खेळाच्या यंत्रांची खोकी कशी दिसावीत, त्यांवर चित्र काय असावे, असली कामे सुरुवातीला त्यांच्याकडे होती. खेळाच्या आतली चित्रे त्या दिवसांत बहुधा यंत्राची आज्ञावली लिहिणारे इंजिनिअरच काढून टाकीत. चित्रकाराला तिथे विचारतो कोण?

१९८० साली कंपनीवर संकट आले. निंतेंदोने अमेरिकेत पाय रोवण्यासाठी 'रडार स्कोप' नावाच्या खेळाची तीन हजार यंत्रे मागवली. ती कपाटाएवढी, नाणे टाकून खेळायची यंत्रे होती. जहाज पोहोचेपर्यंत लोकांची आवड बदलली. हजारभर यंत्रे कशीबशी खपली आणि दोन हजार गोदामात पडून राहिली. अमेरिकेचा कारभार अध्यक्षांचे जावई मिनोरू आराकावा यांच्याकडे होता, म्हणजे अब्रूचा प्रश्न दुहेरी. जावयाने कळवले की त्याच यंत्रांत घालता येईल असा दुसरा खेळ पाठवा. अनुभवी मंडळी दुसऱ्या कामांत गुंतलेली होती, त्यामुळे हे उष्टे ताट आले खोकी रंगवणाऱ्या चित्रकाराकडे. देखरेखीला गुन्पेई योकोई हे जुने जाणते गृहस्थ होते.

मियामोतोंना यंत्राची भाषा येत नव्हती. त्यांना गोष्ट सुचली. आधी 'पोपाय' या अमेरिकन व्यंगचित्रांतल्या खलाशावर खेळ करायचे चालले होते, पण परवानगीचे जमेना. तेव्हा खलाशाच्या जागी एक सुतार आला, दांडग्या प्रतिस्पर्ध्याच्या जागी पळालेला गोरिला आला, आणि गोरिल्याने पळवून नेलेली मुलगी आलीच. गोरिला बांधकामाच्या सांगाड्यावर चढून वरून पिंपे लोटतो आणि सुताराने वर जायचे. पिंप अंगावर गडगडत आले तर माणूस काय करील? उडी मारील. म्हणून उडी मारायची कळ दिली. इतक्या साध्या विचाराने पुढच्या चाळीस वर्षांच्या खेळांची दिशा ठरली! बाकीचे खेळ बहुतेक एकाच देखाव्यावर चालत, मियामोतोंनी चार निरनिराळे मजले मागितले. चार मजले म्हणजे चार खेळ लिहिण्याएवढे काम, अशी आज्ञावली लिहिणाऱ्यांची कुरकुर झाली. ती खोटी नव्हती.

आता सुतार रंगवायचा. जागा किती? सोळा ठिपके, सोळा ओळी. रंग तीन. आमच्या नातीकडे निदान पुसून पुन्हा काढायची सोय आणि अख्खा जिना होता. एवढ्याशा जागेत माणूस खऱ्या प्रमाणात काढला तर डोके दोन-तीन ठिपक्यांचे होते आणि त्यात चेहरा राहात नाही. म्हणून डोके मोठे केले. चेहरा म्हणून ओळखू यावा यासाठी नाक मोठे केले. नाकाखाली तोंड काढले असते तर ठिपक्यांचा गोंधळ झाला असता, तिथे मिशा आल्या. नाकही उठून दिसले आणि तोंडाचे काम वाचले. केस काढले तर पडताना आणि उडी मारताना ते उडायला नकोत का? तेवढे ठिपके कुठून आणायचे? डोक्यावर टोपी चढवली. धावताना हात हलतात हे दिसायला हाताचा रंग अंगाहून वेगळा हवा, म्हणून डांगरी घातली. (डांगरी हा शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीत विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या कापडावरून इंग्रजीत गेला असे कोशकार म्हणतात. म्हणजे पाहुणा अगदीच परका नाही.) ज्या मिशांची आज जगभर नक्कल होते त्या अडचणीतून उगवल्या आहेत. दहा बाय दहाच्या खोलीत संसार मांडलेल्या कोणाही मुंबईकराला ही कला समजावून सांगायला नको.

'डाँकी काँग' हा खेळ १९८१ साली निघाला. आराकावा, त्यांच्या पत्नी आणि मूठभर माणसांनी गोदामातली यंत्रे हाताने उघडून त्यांचे अंतरंग बदलले. दोन हजार यंत्रे गेली, आणखी मागवावी लागली, आणि अमेरिकेत एकूण साठ हजारांवर खपली. सुताराला तोवर धड नावही नव्हते, 'उडीवाला' म्हणत. कंपनीच्या अमेरिकेतल्या गोदामाच्या मालकाचे नाव मारिओ सेगाले होते. एकदा ते भाड्यासाठी आले, तावातावाने बोलून गेले आणि त्यांचे नाव सुताराला चिकटले, अशी गोष्ट सांगतात. भाडेकरूने घरमालकाला असे अमर केल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. पुढे १९८३ च्या खेळात जमिनीखालचे नळ आले, तेव्हा सुताराचा प्लंबर झाला.

पण माझे मन खरे रमले ते १९८५ सालच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'च्या हकीकतीत, कारण आमच्या माळ्यावरच्या डब्यात तोच खेळ होता. मियामोतो आणि त्यांचे सहकारी ताकाशी तेझुका यांनी तो आधी आलेखाच्या कागदावर काढला. लांबच लांब कागद, चौकोन मोजून विटा, नळ, खड्डे. दुरुस्ती करायची तर वर पातळ कागद ठेवून त्यावर काढायची आणि तो कागद आज्ञावली लिहिणाऱ्यांकडे द्यायचा. साऱ्या खेळाला यंत्रात जागा होती चाळीस किलोबाइट. आज आपण दिवाळीच्या शुभेच्छांचे जे चित्र पंचवीस जणांना धाडतो ते याहून जड असते. तेव्हा काटकसर केली ती अशी, की आभाळातला पांढरा ढग आणि जमिनीवरचे हिरवे झुडूप ही दोन्ही एकच चित्रे आहेत, फक्त रंग बदललेला. हे वाचल्यावर मी नातीच्या फोनवर मुद्दाम पाहून घेतले. अगदी खरे आहे! जुन्या साडीची गोधडी करणाऱ्या आमच्या सौ. यांनी या एका गोष्टीवर जपानी पाहुण्याला माफ केले.

आणि शिकवणी तर पाहा. खेळाबरोबर मास्तर नाही, वाचायला पाटी नाही. पहिल्याच देखाव्यात मारिओ डाव्या बाजूला उभा आहे आणि उजवीकडे सगळे मोकळे. म्हणजे जायचे उजवीकडे हे मुलाला आपोआप कळते. समोरून एक रागीट भुवयांचा प्राणी येतो. त्याला धडकलात तर मेलात, पुन्हा सुरुवात. पण नुकतीच सुरुवात झाल्यामुळे फारसे काही गेलेले नसते. दुसऱ्यांदा मूल उडी मारते. उडी मारताना डोके वरच्या विटेला लागते आणि त्यातून अळंबे बाहेर पडते. तेही त्या प्राण्यासारखेच दिसते, म्हणून मूल पळू पाहते. पण अळंबे पुढच्या नळावर आपटून मागे वळते आणि वरच्या विटांमुळे त्याला चुकवणे कठीण होते. अंगावर आलेच, तर मारिओ एकदम मोठा होतो! भीती वाटली ती वस्तू हिताची निघाली. पहिला देखावा मियामोतो मंडळींनी बाकीचे देखावे तयार झाल्यावर, शेवटी शेवटी केला. आधी सारे खेळून पाहिल्यावाचून नवख्याला कुठे अडेल ते कळत नाही, असा त्यांचा हिशेब. मी अडतीस वर्षे शाळेत गणित शिकवले. पहिला धडा शेवटी लिहावा हे मला कधी सुचले नाही.

पुढच्या कारकिर्दीचा पसारा मोठा आहे, तो सांगत बसत नाही. मात्र एक खोड सांगण्याजोगी आहे. या गृहस्थांना कल्पना घरातच सापडतात. बागकामाचा नाद लागला, त्यातून २००१ साली रोपट्यासारख्या इवल्या जिवांचा 'पिकमिन' निघाला. घरात कुत्रा आला, त्यातून २००५ चा कुत्र्याच्या पिलांचा खेळ. रोज वजन करून तक्ता भरायची सवय लागली, त्यातून २००७ साली व्यायामाचा खेळ, ज्याने भल्याभल्या गृहिणींना दिवाणखान्यात कवायत करायला लावली. समोरच्या वस्तूची लांबी अंदाजाने सांगायची आणि मग खिशातली टेप काढून मोजायची, हाही त्यांचा विरंगुळा. हाताखालच्या लोकांना मात्र त्यांचा धाक असतो. महिनोन्‌महिने केलेले काम पाहून ते ऐन वेळी सगळे उलटेपालटे करायला लावतात. रागाने जेवणाचे मेज उलथणाऱ्या जपानी बापावरून या प्रकाराला कंपनीत नावच पडले आहे. असा साहेब मला मिळाला असता तर मी नोकरी सोडली असती, हेही इथे कबूल करतो.

२०१९ साली जपान सरकारने त्यांना सांस्कृतिक कार्याबद्दल सन्मान दिला. व्हिडिओ गेमच्या क्षेत्रातून हा मान मिळवणारे ते पहिलेच. २००६ साली फ्रान्सने कला आणि साहित्यातल्या कामगिरीबद्दल त्यांना सरदारकी दिली होती. हे सगळे मी धनत्रयोदशीला जेवताना चिरंजीवांच्या कानावर मुद्दाम घातले. ते म्हणाले, "बाबा, तसा लाखात एक." हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. गोदामात पडून राहिलेली यंत्रे आणि वेळेला उपलब्ध नसलेले वरिष्ठ, एवढी दोन दैवे प्रत्येक चित्रकाराच्या वाट्याला कुठून यावीत? मी म्हटले, "खरे आहे. पण हँगर घेऊन जायला त्याच्या बापाने ओळख काढून दिली होती, ते काही दैव नव्हे." ताटावर कोणी काही बोलले नाही.

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून चिरंजीव कंदील लावायला दाराबाहेर गेले. मांजराने की पेपरवाल्याच्या पायाने कोण जाणे, रांगोळी एका बाजूला विस्कटली होती आणि नात ती नीट करीत होती. तपकिरी रंग संपला होता, म्हणून मिशांना ती सौ. यांच्या डब्यातली कॉफीची पूड वापरीत होती. चिरंजीव जरा वेळ उभे राहिले. मग नव्या लेंग्याची पर्वा न करता खाली बसले.

"इथे एक ठिपका चुकला आहे," ते म्हणाले. "टोपीचा पुढचा भाग आणखी एक घर पुढे येतो."

नातीने बापाकडे पाहिले, मग रंगाची वाटी त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी चिमूट भरून लाल रंग सोडला आणि वर न बघताच मला विचारले, "बाबा, तो डबा माळ्यावर आहे ना अजून?"

इमारतीच्या दुरुस्तीच्या वर्षी तो मी भंगारवाल्याला देऊन टाकला होता. हे सौ. ना ठाऊक आहे. त्या आतून फराळाचे ताट घेऊन आल्या, आणि मी पणतीत तेल आहे की नाही ते बघायला वाकलो.