हसायला चार माणसं लागतात



धंदा सुरू करायचा म्हटलं की आपण यादी काढतो. भांडवल, जागा, लायसन, पॅकिंग. मालकाची तब्येत त्या यादीत नसतेच. आणि लहान धंद्यात मालक आडवा झाला की शटर खाली! आपल्याला पगारी रजा कोण देणार?

म्हणून आज हसण्यावर बोलायचंय.

मार्च 1995. अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या एका बागेत डॉ. मदन कटारियांनी हास्यक्लब सुरू केला. पहिल्या दिवशी माणसं किती? फक्त पाच. एकाने विनोद सांगायचा, बाकीच्यांनी हसायचं. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले. उरले ते पांचट, नाहीतर कुणाला तरी लागणारे. लोक कुरकुरायला लागले. तेव्हा कटारियांनी क्लब बंद केला नाही, विनोदच काढून टाकले! टाळ्या, खोल श्वास, एकमेकांकडे बघून हसणं. सुरुवात खोटी, पण एकाचं बघून दुसऱ्याला खरं हसू फुटतं. (माल खपत नसेल तर त्यातलं नेमकं काय नकोय ते बघा, हेही इथून उचला.)

शरीराला काय मिळतं? मेरीलँड विद्यापीठाच्या डॉ. मायकल मिलर यांनी 20 निरोगी लोकांना सिनेमातली दृश्यं दाखवली. त्याचे निष्कर्ष 2005 मध्ये आले. विनोदी दृश्यांनंतर रक्तप्रवाह सरासरी 22 टक्के वाढला, तणावाच्या दृश्यांनंतर 35 टक्के घटला. प्रयोग छोटा आहे, तेव्हा बीपीची गोळी बंद करून हसत बसू नका. पण उधारी, भाडं, हप्ता या टेन्शनमध्ये दिवस काढणाऱ्याने तो दुसरा आकडा परत एकदा वाचावा.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती रॉबर्ट प्रोव्हाइन या संशोधकाची गोष्ट. माणूस एकटा असताना हसतो त्याच्या साधारण 30 पट चारचौघांत हसतो. तेही बहुतेक वेळा विनोदावर नाही, साध्या बोलण्यावर.

आता स्वतःकडे बघा. लालबाग-परळच्या चाळीत डबे, पापड, मसाले करणारी ताई गॅलरीत बसायची. येता-जाता कुणी टोमणा मारायचं, ही उलटा द्यायची, अख्खा मजला हसायचा. रिडेव्हलपमेंट झालं, किचन मोठं मिळालं, दार मात्र बंद. ऑर्डर मोबाईलवर, पेमेंट मोबाईलवर, करमणूकही मोबाईलवर. रिल बघून आपण फार तर नाकातून हसतो. तोच विनोद दादरला शिवाजी मंदिरात भरल्या थिएटरात ऐका, पोट दुखेल.

आमच्यातले बरेच ट्रेनर सांगतात, 'गिऱ्हाइकासमोर सतत हसतमुख राहा.' ठीक आहे, पण ते काम झालं, त्याने थकवाच येतो. ते हसणं तब्येतीच्या खात्यात धरू नका. आणि कामावरच्या पोराची टिंगल करून हसत असाल तर तेही नको, त्याचा दिवस त्यात जातो.

शटर ओढल्यावर शेजारच्या दोन-तीन दुकानदारांबरोबर पंधरा मिनिटं कटिंग घ्या. फोन खिशात ठेवा, वसुलीचा विषय बंद. घरून धंदा करणाऱ्या ताईंनी आठवड्यातली एक दुपार तरी पॅकिंगला शेजारणीला बोलवावं.

गणपतीच्या सीझनला लालबागमध्ये श्वास घ्यायला वेळ नसतो, मान्य. तेव्हा चहा दुकानातच मागवा. फक्त एक कप जास्तीचा सांगा, शेजारच्यासाठी.