रुमाल कुणासाठी पसरायचा?

जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या दारात रुमाल पसरलेला दिसला की आम्ही समजतो, मोहल्ल्यातले कुणीतरी दवाखान्यात आहे. गेल्या हिवाळ्यात तो एका रिक्षावाल्या भाईंसाठी पसरला होता. पहाटे छातीत कळ आली. घरच्यांनी जवळच्या खासगी रुग्णालयात नेले, अँजिओप्लास्टी झाली, जीव वाचला. अल्हम्दुलिल्लाह! पण बायकोचे दागिने गेले आणि उरलेली रक्कम व्याजाने आणावी लागली. आम्हीही रुमालात नोट टाकली आणि घरी आलो.

पुढे समजले की त्या घरात केशरी रेशनकार्ड होते. हेच उपचार सरकारी योजनेतून मोफत झाले असते. नेले ते रुग्णालय योजनेत नव्हते, शहरातले दुसरे होते. हे सांगणारे कुणी भेटले नाही. आणि पैसे देताना आम्हालाही विचारावेसे वाटले नाही, ही आमची चूक.

योजना नवी नाही. 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली आणि 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुल्यांचे नाव मिळाले. 2018 मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. आता राज्यात दोन्ही एकत्र चालतात. 2023 च्या निर्णयाने पिवळ्या-केशरीबरोबर पांढऱ्या रेशनकार्डाची घरेही त्यात आली आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळाले. हृदयाचे ऑपरेशन, कॅन्सर, डायलिसिस असे हजारांहून अधिक उपचार यादीत आहेत.

मग आपली माणसे अडतात कुठे? बहुतेक वेळा कागदावर. रेशनकार्डावर ‘मेहरुन शेख’, आधारवर ‘शेख मेहरुन्निसा बी’. निकाह होऊन चार वर्षे झाली तरी सुनेचे नाव माहेरच्याच कार्डावर. नातवंडांचे नाव कुठेच नाही. हे दुरुस्त करायला वेळ लागतो, आणि आजारपण तेवढा वेळ देत नाही. म्हणून घरात सगळे धडधाकट असतानाच नावे जुळवून घ्या. जवळचे कोणते रुग्णालय योजनेत आहे ते आजच विचारून ठेवा. अशा प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, आधी त्याला गाठा. 155388 या क्रमांकावरही माहिती मिळते. तातडीच्या वेळी फोनवरून कळवून उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून देता येतात. उंट आधी बांधावा, मग तवक्कल करावा, हे आपल्याला कुणी वेगळे शिकवायला नको.

पण कार्ड हातात आले म्हणजे सगळे झाले, असेही नाही. ही योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णाची आहे. शुगर-बीपीच्या रोजच्या गोळ्या, डॉक्टरची फी, साधी रक्ततपासणी यांचा खर्च ती देत नाही. शुगर-बीपी वर्षानुवर्षे वाढलेली राहिली तर किडनी निकामी होऊ शकते. तेव्हा डायलिसिसचे पैसे योजना भरते, पण किडनी वाचवणाऱ्या गोळीचे भरत नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि औषधे मोफत आहेत, हे खरे. पण रोजंदारी बुडवून रांगेत उभे राहिल्यावर ‘औषध संपले, बाहेरून घ्या’ असे ऐकावे लागले, तर ती खाला पुढच्या महिन्यात येईलच असे नाही. आरोग्यावरचा सरकारी खर्च 2025 पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के करू, असे 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिले होते. ते गाठता आले नाही.

सर्वांसाठी आरोग्य याचा अर्थ एवढाच की, गरज पडेल तेव्हा उपचार मिळावेत आणि त्यासाठी घर कर्जात बुडू नये. हे आपण खैरात म्हणून मागत नाही. कर आपणही भरतो, साबणाच्या वडीवरसुद्धा. गोळ्या का संपल्या, हे ग्रामसभेत आणि नगरसेवकाला विचारायला हवे.

आणि मोहल्ल्यात आपण एवढे तरी करू. महिन्यातून एकदा, इशानंतर, शिकलेली चार मुले-मुली बसवून घरोघरचे कागद तपासू. चंदा जमवण्याआधी पहिला प्रश्न विचारू, ‘हे योजनेत बसते का?’ बसत असेल तर पेशंटबरोबर आरोग्यमित्राकडे एक माणूस धाडू. मग रुमालात जे जमेल ते त्या खालाच्या गोळ्यांसाठी, भाईंच्या व्याजाच्या कर्जासाठी वापरता येईल. ते भाई आता पुन्हा रिक्षा चालवतात. दर महिन्याचा हप्ता अजून चालूच आहे.