फळीतल्या भोकालाही गुण हवेत

ट्रॅकबॉल कसा असतो हे पाहायला मुंबई-पुण्याला जावे लागत नाही. पोटाची सोनोग्राफी करताना डॉक्टर एका हाताने पोटावर यंत्राचा दांडा फिरवतात आणि दुसऱ्या हाताने बहुधा एक चेंडू फिरवत असतात. तो यंत्राच्या फळीत अर्ध्याहून अधिक बुडालेला असतो आणि जागच्या जागी फिरतो. तो फिरेल तशी पडद्यावरची खूण सरकते. संगणकाचा जुना, पोटात गोळी असलेला माऊस उताणा करून गोळीवर बोट फिरवा, तोही ट्रॅकबॉलच. वस्तू जुनी आहे. १९५२ च्या सुमारास कॅनडाच्या नौदलासाठी ती बनवणाऱ्यांनी तिच्यात बोलिंगच्या खेळातला चेंडू वापरला होता. पुढे १९८० साली आलेल्या ‘मिसाइल कमांड’ या व्हिडिओ खेळात चेंडू फिरवूनच क्षेपणास्त्रे पाडावी लागत. दांडा फक्त दिशा सांगतो. चेंडू दिशा सांगतो आणि किती वेगाने जायचे तेही सांगतो.

आमच्या आमगावच्या चारपाच मुलांनी गेल्या वर्षी घरच्या घरी अशा खेळाची फळी बनवायचे ठरवले. जुना संगणक मिळाला, बटणे मिळाली, लहान ट्रॅकबॉलचा तयार संच मागवला. तारा जोडून पडद्यावर बाण फिरवायला त्यांना एक संध्याकाळ पुरली. मात्र तो चेंडू फळीत नीट बसवायला तीन आठवडे लागले! या तीन आठवड्यांबद्दलच मला तुमच्याशी आणि तुमच्या शिक्षकांशी थोडे भांडायचे आहे.

आधी आतली रचना पाहू. चेंडू तीन जागी टेकलेला असतो. त्यांपैकी दोन जागी एकमेकांशी काटकोनात ठेवलेले बारीक रूळ असतात आणि तिसऱ्या जागी नुसता आधार. प्रत्येक रुळाच्या टोकाला खाचा असलेली चकती असते. तिच्या एका बाजूला दिवा आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारे दोन डोळे. चकती फिरली की उजेड-अंधार, उजेड-अंधार असे ठोके मिळतात आणि ते मोजून चेंडू किती फिरला ते कळते. पण कुठल्या दिशेला? त्यासाठीच दोन डोळे. समजा, आमगाव स्टेशनच्या फलाटाच्या दोन टोकांना दोन मित्र उभे आहेत. इंजिन आधी कोणासमोरून गेले एवढे कळले, की गाडी गोंदियाकडून आली की सालेकसाकडून, हे पाठ करून बसलेल्यालाही सांगता येईल. इथेही तसेच होते. कोणत्या डोळ्यासमोर आधी अंधार आला, यावरून दिशा ठरते.

हे सगळे तयार संचात बंद असते. तुमच्या वाट्याला उरते ते एक भोक. मुलांनाही वाटले, चेंडू ५७ मिलिमीटरचा, भोक ५८ चे पाडले की झाले. १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडला सुताराकडून तसे भोक पाडून घेतले आणि संच खालून लावला. चेंडू छान फिरला. फळी उलटी करून तारा बघायला गेले, तर चेंडू टुणकन उडी मारून बाकाखाली! बरोबरच आहे. चेंडूपेक्षा मोठ्या भोकातून चेंडू बाहेर येणारच. मग भोक ५६ चे केले, तर चेंडू मध्येच अडकून बसला.

आता वही घ्या. चेंडूची त्रिज्या २८.५ मिलिमीटर. त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे १९ मिलिमीटर, फळीच्या वर दिसावा अशी आपली इच्छा. मग चेंडूचे केंद्र पृष्ठभागाखाली ९.५ मिलिमीटरवर येते. पृष्ठभागाच्या पातळीवर चेंडूचा छेद केवढा? पायथागोरसाला विचारा. २८.५ च्या वर्गातून ९.५ चा वर्ग वजा केला की ७२२ उरतात आणि त्याचे वर्गमूळ सुमारे २६.९. म्हणजे वर भोकाचा व्यास जवळजवळ ५४ मिलिमीटर हवा. पण प्लायवूड १८ मिलिमीटर जाड आहे आणि चेंडूची कंबर ९.५ वरच, लाकडाच्या ऐन मध्यावर येते. तिथे पुरते ५७ हून अधिक लागणार. एकच सरळ भोक वर ५७ हून लहान आणि मध्ये मोठे कसे असेल? असूच शकत नाही. हे उत्तर मुलांना पुस्तकाने दिले नाही. अडकून बसलेल्या चेंडूने दिले, आणि दहावीच्या भूमितीला त्या दिवशी पहिल्यांदा काही काम मिळाले.

वाट सुताराने काढली. लाकडाला मोठी चौकोनी खिडकी कापायची, तिच्यावर दीड मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा बसवायचा आणि नेमके भोक पत्र्याला पाडायचे. पुन्हा गणित केले. पत्र्याच्या खालच्या कडेशी चेंडूचा व्यास ५४.७ भरतो. तेव्हा ५६ चे भोक पाडले की भोवती अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त फट राहते आणि ५७ चा चेंडू निसटूही शकत नाही. उंची कमीजास्त करायला स्क्रूखाली वॉशर.

मग आला पावसाळा. आमचा मुलूख धानाचा, चार महिने हवा ओलीचिंब. प्लायवूड जाडीत फुगले, आणि संच लाकडाला खालून टांगलेला असल्यामुळे चेंडू पत्र्यापासून थोडा खाली गेला. आता त्याची रुंद कंबर पत्र्यापासून दूर गेली, फट वाढली. त्या फटीतून भातगिरणीच्या बाजूची कोंड्याची धूळ आत, ती रुळांवर चिकटली आणि पडद्यावरचा बाण उड्या मारू लागला. सगळ्यांनी आधी तारांना दोष दिला. उपाय सुचवला तो पुन्हा सुतारानेच. संच लाकडाला लावूच नका, पत्र्यालाच लावा. मग लाकूड फुगो की आटो, चेंडू आणि भोक एकमेकांना सोडत नाहीत.

ही फळी मुलांनी एका विज्ञान प्रदर्शनात नेली. परीक्षकांनी विचारले, संगणकात कोणती आज्ञावली आहे? ती स्वतः लिहिली का? नाही? मग यात तुमचे काय? मुलांना काही सांगता येईना. भोकाकडे कोणी पाहिलेसुद्धा नाही. शेजारी थर्माकोलचा ज्वालामुखी होता. त्याला बक्षीस मिळाले. (ज्वालामुखीशी माझे वैर नाही. पण तोच तो किती वर्षे पाहायचा?)

माझे म्हणणे एवढेच, की त्या भोकात मोजमाप होते, भूमिती होती, लाकडाचा स्वभाव होता, चूक शोधण्याची पद्धत होती. त्याला गुण नसतील तर कशाला द्यायचे? आणि दुसरी गोष्ट, त्या तीन आठवड्यांतला खरा शिक्षक शाळेच्या हजेरीपटावर नव्हता. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ येथे डॉ. श्री. शं. कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळांत गेलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात मुले आठवड्याचा एक दिवस हातांनी काम करतात आणि शिकवायला गावातलेच कारागीर असतात. म्हणजे मी काही अचाट मागत नाही. ‘अभ्यासक्रम पुरा व्हायचा आहे’ असे गुरुजी म्हणतील, आणि ते खोटेही नाही. पण वर्तुळाचा पाठ फळ्यावर दोनदा शिकवण्याऐवजी एकदा फळीवर शिकवला तर वेळ वाचेल की जाईल, हे करून तरी पाहावे.

कोणी विचारेल, खेळाच्या फळीसाठी एवढा आटापिटा कशाला? ज्याला हात उचलून माऊस सरकवता येत नाही, अशा मुलाला हा चेंडू मनगट टेकवून नुसत्या बोटांनी फिरवता येतो. मात्र तो त्याच्या हाताच्या उंचीला नेमका बसवलेला हवा. ती उंची तयार संचाबरोबर पेटीतून येत नाही.

तुम्ही करणार असाल तर भोक आधी जाड पुठ्ठ्याला पाडा. पत्रा महाग असतो. आणि सुताराला धानकापणी उरकल्यावर बोलवा. कापणीच्या दिवसांत तो शेतावर असतो.