बोलणी तुटू देऊ नका!

वैऱ्याशी एकदा बोलणे निराळे आणि वर्षानुवर्षे बोलत राहणे निराळे. पहिल्यास सौजन्य पुरते. दुसऱ्यास छाती लागते. ताजिकिस्तानचा अलीकडचा इतिहास याची साक्ष देतो.

सोव्हिएत संघराज्य कोसळले आणि १९९२ साली त्या देशात यादवी पेटली. हजारो माणसे मेली, लाखो देशोधडीस लागली. अशा वणव्यात, मार्च १९९३ मध्ये, परस्परविरोधी गटांतील मोजके ताजिक नागरिक मॉस्कोत एकत्र बसले. १९६० पासून चालत आलेल्या अमेरिकन-सोव्हिएत डार्टमथ परिषदेच्या परंपरेतून हा संवाद जन्मला. माजी अमेरिकन मुत्सद्दी हॅरॉल्ड साँडर्स व रशियाचे गेनादी चुफ्रिन हे त्याचे सूत्रधार होते. आरंभी एकमेकांच्या नजरेस नजर देणेही जड जात होते. परंतु तीच मंडळी पुनःपुन्हा भेटत राहिली. प्रथम आरोप निघाले, मग आरोपांमागची भीती बोलकी झाली आणि अखेरीस मार्गाचा शोध सुरू झाला.

एप्रिल १९९४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीने अधिकृत वाटाघाटी सुरू झाल्या, तेव्हा या संवादातील काही मंडळी तेथेही होती. विशेष हे की, त्यानंतरही संवाद बंद पडला नाही. २७ जून १९९७ रोजी मॉस्कोत राष्ट्राध्यक्ष रहमानोव व विरोधकांचे नेते सय्यद अब्दुल्लो नूरी यांनी तहावर सह्या केल्या. विरोधकांस शासनात ३० टक्के वाटा देण्याचे ठरले. याचे सारे श्रेय एका संवादास देणे अतिशयोक्तीचे होईल. रशिया व इराण यांचे वजन पडले. १९९६ साली काबूल तालिबानच्या हाती गेल्याची धास्तीही होती. परंतु कलम टेकवण्यापुरता विश्वास दडपणाने निर्माण होत नसतो!

बोलणे म्हणजे शरणागती, असे म्हणणाऱ्यांस आम्ही विचारतो : तेथे कोणी आपली मागणी दाराबाहेर ठेवून आत आले होते काय? आणि सह्या झाल्या म्हणजे संपले, असे मानणाऱ्यांनी पुढचे पान वाचावे. नूरींच्याच इस्लामी पुनरुत्थान पक्षावर २०१५ साली बंदी आली. त्याचे पुढारी तुरुंगात गेले. तहाचा कागद शाबूत राहिला, तहातील भागीदार मात्र नाहीसा झाला.

शांतता ही शिलालेखासारखी एकदा कोरून ठेवण्याची वस्तू नव्हे. ती शेतासारखी दरसाल कसावी लागते. सत्ताधाऱ्यांनी कालहरणासाठी बोलू नये आणि पीडितांनी कंटाळून उठू नये. टेबल रिकामे झाले की मैदान भरते, एवढे उभयपक्षी ध्यानात असावे.